पवनीचा परकोट

वैनगंगेच्या काठी वसलेले पवनी हे भंडारा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. समुद्र येथून फार दूर असला, तरी बंदरावरच्या किल्ल्याला जी कामे करावी लागतात तीच येथल्या किल्ल्यानेही केली: नदीचा उतार राखणे, पलीकडून येणाऱ्या माणसांवर व मालावर नजर ठेवणे आणि वेळ पडल्यास गावाची दारे लावून घेणे. किल्ल्याची रचना साधी आहे. तीन बाजूंना मातीचा उंच परकोट व त्याबाहेर खंदक. चौथ्या बाजूचे काम नदीवर सोपवलेले. परकोटावर दगडी भिंत आणि बुरूज आहेत. दुरून डोळ्यांत भरतो तो हा दगडी भाग, आणि त्यामुळे किल्ला गोंड-मराठा काळाचा समजला जातो. दगडाच्या बाबतीत ते खरे असेल. त्याखालची माती मात्र बरीच जुनी असून ती प्राचीन नगराच्या तटबंदीची असल्याचे पुरातत्त्वज्ञ मानतात.

गावाच्या नावाविषयी पवनराजाची कथा सांगतात. वर्धा जिल्ह्यातील पवनारलाही हाच राजा लावला जातो. इतिहासाला या राजाचा पत्ता लागलेला नाही. पवनीच्या टेकड्यांनी मात्र त्याच्याहून कितीतरी जुनी हकिगत राखून ठेवली होती. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून पवनीत उत्खनन केले. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी हे त्याचे प्रमुख होते. जगन्नाथाच्या देवळामुळे जगन्नाथ टेकडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उंचवट्याखाली विटांचा प्रचंड बौद्ध स्तूप निघाला. त्याचा व्यास सुमारे 38 मीटर, म्हणजे सांचीच्या मोठ्या स्तूपापेक्षाही थोडा अधिक. स्तूप एका दमात बांधलेला नव्हता. मौर्यकाळाच्या आगेमागे सुरू झालेल्या बांधकामात पुढे सातवाहन काळापर्यंत भर पडत गेली. त्याच्या दगडी कठड्याच्या खांबांवर बोधिवृक्ष, रिकामे आसन आणि पूजा करणारी माणसे कोरलेली आहेत. त्यांतला मुचलिंद नागाचा खांब विशेष गाजला. पावसात बुद्धावर फणा धरणारा हा नाग येथे रिकाम्या आसनावर फणा उभारून आहे, कारण बुद्धाची मूर्ती घडवण्याची चाल तेव्हा पडलेली नव्हती. बाजूला ब्राह्मी लिपीत नागाचे नावही आहे.

एवढा स्तूप केवळ भिक्षूंच्या भिक्षेवर उभा राहत नाही. दान देणारे श्रेष्ठी, कारागीर आणि पोट भरलेली पेठ त्यामागे लागते. नदीचा उतार, काठची सुपीक जमीन आणि उत्तरेकडून दक्षिणेस जाणारी वाट या तिन्ही गोष्टी पवनीला एकाच जागी मिळाल्या. तटबंदीचे पहिले प्रयोजन ही पेठ सांभाळणे हेच असावे. सैन्याची छावणी ही पुढची गोष्ट.

या नगरावर वेगवेगळ्या सत्तांचे हात पडले, हे कोरीव लेखांवरून समजते. एका स्तंभावर महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याचे नाव आहे. हा त्याचा छायास्तंभ, म्हणजे मृताच्या स्मरणार्थ उभारलेला खांब असून तो इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा मानतात. नाव ऐकताच परके वाटते. क्षत्रपांचा हात वैनगंगेपर्यंत पोचला होता की काय, हा प्रश्न या एका दगडाने विद्वानांपुढे टाकला. भार वंशातील भगदत्त राजाचा शिलालेखही येथलाच. पुढे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या 32व्या राज्यवर्षातील ताम्रपटही पवनीत मिळाला. यांपैकी कोणत्याही लेखाने किल्ल्याचे वर्णन केलेले नाही. पण सत्ता बदलल्या तरी गाव ओस पडले नाही, एवढे त्यांवरून नक्की होते.

त्यानंतरची कित्येक शतके धूसर आहेत. किल्ल्याचा लष्करी उपयोग स्पष्ट दिसू लागतो तो देवगडच्या गोंड राज्याच्या काळात. सतराव्या शतकाच्या शेवटी बख्त बुलंद याने वैनगंगेच्या खोऱ्यात आपला अंमल पक्का केला. त्याचा सरदार राजाखान पठाण याने 1700 च्या सुमारास तुमसरच्या उत्तरेला डोंगरावर आंबागड बांधला. आंबागड डोंगराची वाट राखी, तर पवनी पाण्याची. 1739 मध्ये देवगडचा राजा चांद सुलतान वारला आणि तेथे वारसाची भांडणे लागली. त्याच्या राणीने मदतीला बोलावलेल्या पहिल्या रघूजी भोसल्याने ही संधी साधली, आणि थोड्याच वर्षांत हा सगळा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला.

पवनीचे आजचे रूप बरेचसे या भोसले काळाने घडवले. नदीकडच्या बाजूला भिंत नव्हती, तेथे घाट झाले. दिवाण घाटाच्या लांब दगडी पायऱ्या आणि वैजेश्वराचा घाट ही त्यांतली ठळक नावे. गावात इतकी देवळे उभी राहिली की पवनीला विदर्भाची काशी म्हणू लागले. एकाच पाषाणाला चहूकडून गणेशाची रूपे असलेला पंचमुखी गणपती विदर्भातील अष्टविनायकांत मोजला जातो. किल्ल्याची सर्वांत उघडी बाजू अशी स्नानाला, श्राद्धाला आणि धिवरांच्या डोंग्यांना मिळाली. शत्रू यायचा तोही याच बाजूने, हे लक्षात घेतले तर ही वाटणी गमतीची वाटते.

इंग्रजांशी झालेल्या 1817-18 च्या युद्धात आप्पासाहेब भोसल्यांचा पाडाव झाला आणि मराठी फौजांचे किल्ले एकामागून एक निकामी झाले. अल्पवयीन तिसऱ्या रघूजीच्या नावाने रेसिडेंट जेंकिन्स कारभार पाहू लागला. 1853 मध्ये तिसरा रघूजी निपुत्रिक वारला आणि राज्य खालसा झाले. यानंतर जिल्ह्यातल्या किल्ल्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. आंबागडाचा तर भोसल्यांच्याच काळात तुरुंग झाला होता. तेथील कैद्यांना आतल्या विहिरीचे कुजके पाणी पिऊन मरावे लागे, असे जुन्या गॅझेटियरमध्ये नमूद आहे. भंडारा शहरातला, गवळ्यांनी बांधला असे म्हणतात तो किल्लाही इंग्रजी अमदानीत तुरुंगाच्या कामी आला. पवनीच्या किल्ल्याचा तुरुंग झाला नाही, कारण त्याच्या आत रिकामी जागाच नव्हती. परकोटाच्या आत घरे होती, माग होते, बाजार होता.

1867 मध्ये पवनीला नगरपालिका आली. कोष्ट्यांचे बारीक सुताचे, रेशीमकाठी कापड हा त्या काळातला गावचा मुख्य धंदा. पवनीची लुगडी दूरवर जात. गिरणीचे सूत आणि गिरणीचे कापड आले तसे माग कमी होत गेले. त्यात रेल्वेनेही गावाला टाळले. 1908 मध्ये सुरू झालेल्या नागपूर-नागभीड अरुंद मार्गावर पवनीच्या नावाचे स्थानक झाले खरे, पण ते ‘पवनी रोड’. गाव तेथून बरेच दूर. नदीच्या उतारावर पोसलेल्या पेठेला रुळांनी पर्याय दिला आणि नाक्याचे जुने महत्त्व गेले. परकोटाचा उपयोगही उतरत गेला. तो गावाची वेस एवढाच उरला.

गावाच्या वरच्या अंगाला गोसीखुर्द येथे वैनगंगेवर धरण बांधले गेले. त्याची पायाभरणी 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. 33 दरवाजांचे हे धरण भरले की पाणी खाली सोडतात, आणि पवनीच्या घाटांच्या किती पायऱ्या पाण्याखाली जातील हे पावसाइतकेच त्या दरवाजांवर ठरते. नदीच्या बाजूला तट बांधण्याची गरज मात्र आजवर कोणाला वाटलेली नाही.