राखीव यष्टिरक्षकाचें चित्र

एके काळीं विलायतेंत सिगारेटच्या पाकिटांतून खेळाडूंचीं चित्रें निघत व पोरें तीं हौसेनें जमवीत. युद्धामुळें कागद दुर्मिळ झाला आणि १९४० सालीं ती प्रथा थांबली. म्हणून १९४६ सालीं इंग्लंडला गेलेल्या हिंदी संघाच्या वांट्यास अशीं चित्रें आलींच नाहींत.

त्या संघांत सोळा खेळाडू होते. सांगलीस जन्मलेले विजय हजारे होते, तसेच कोल्हापूरचे रावसाहेब निंबाळकरही. रावसाहेब यष्टिरक्षक, परंतु तिन्ही कसोटी सामन्यांत यष्टींमागें दत्ताराम हिंदळेकर उभे राहिले. मँचेस्टरला तर सोहोनी व हिंदळेकर या शेवटच्या जोडीनें तेरा मिनिटें तग धरून सामना वांचविला. रावसाहेबांस कसोटी सामना पुढेंही लाभला नाहीं. (त्यांचे बंधु भाऊसाहेब यांनीं १९४८ सालीं पुण्यास नाबाद ४४३ धावा केल्या, तरी त्यांनाही नाहीं!)

तेव्हां अशा राखीव गड्याचा शोध घ्यावयाचा तो संघाच्या सामुदायिक छायाचित्रांतच. आमच्या वडिलांजवळ तसें एक कात्रण होतें. पण ते पडले सांगलीकर! हजारे यांच्यापुरतें कापून त्यांनीं वहींत चिकटविलें आणि उरलेला कागद बंबांत घातला. तें अखंड चित्र मी सातारा-सांगलीच्या रद्दीवाल्यांकडे अजून शोधीत असतों.