गाडी जागेवर उभी, तरी कर का लागतो? 'नॉन-यूज'ची नोंद कशी करायची आणि वाहनाची स्थिती कशी तपासायची?

पावसाळ्यात काम नसलेला टिप्पर, उन्हाळी सुट्टीत बंद असलेली स्कूल बस, इंजिन खोलून गॅरेजला लावलेला ट्रक. गाडी रस्त्यावर आलीच नाही, तर कर कशाचा, असं मालकाला वाटणं साहजिक आहे. पण आरटीओच्या हिशेबात गाडी फिरली की नाही हा पहिला प्रश्न नसतो. ती फिरणार नाही हे तुम्ही आधी कळवलं होतं का, हा पहिला प्रश्न असतो.

कायदा काय सांगतो?

राज्यात वाहन कर लागतो तो महाराष्ट्र मोटार वाहन कर अधिनियम, 1958 नुसार. हा कर 'वापरल्या जाणाऱ्या किंवा वापरासाठी ठेवलेल्या' वाहनावर आहे. 'वापरासाठी ठेवलेल्या' हे शब्द इथं महत्त्वाचे आहेत. वाहनाची नोंदणी चालू असेल, तर ते वापरात आहे असंच कलम 3 गृहीत धरतं. कर प्राधिकरणानं जेवढ्या मुदतीसाठी 'वाहन वापरात नव्हतं' असं प्रमाणित केलं असेल, तेवढीच मुदत त्यातून वगळली जाते.

म्हणजे टायर काढून गाडी दगडांवर चढवली, तरी कागदावर ती चालूच असते. कर साचत जातो, त्यावर व्याज चढतं. ही थकबाकी जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. शेतकरी कुटुंबातल्या वाहनमालकानं हे नीट लक्षात घ्यावं, कारण तेव्हा प्रश्न फक्त गाडीपुरता राहत नाही.

यावर कायदेशीर उपाय म्हणजे वाहन वापरात नसल्याची घोषणा. आरटीओत आणि एजंटांच्या बोलण्यात तिला 'नॉन-यूज' म्हणतात.

मानोऱ्यातल्या मालकानं अर्ज कुठे करायचा?

मानोरा तालुक्याचं परिवहन कार्यालय वाशिमला आहे. वाशिमच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाचा क्रमांक एमएच-37. पण अर्ज करण्याआधी गाडीची नंबर प्लेट पाहा. वाशिम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झाला, त्यामुळे जुन्या गाड्यांवर अकोल्याचा एमएच-30 असू शकतो. दिग्रस-दारव्हा भागातून घेतलेल्या गाडीवर यवतमाळचा एमएच-29 असतो. गाडीची नोंद आणि कराचा हिशेब ज्या कार्यालयाकडे आहे, तिथेच घोषणा द्यावी लागते. गाडी मानोऱ्यात उभी आहे म्हणून वाशिमला दिलेला कागद यवतमाळच्या हिशेबात आपोआप जात नाही.

नोंद कशी करायची?

1. आधीचा कर कुठपर्यंत भरला आहे ते पाहा. थकबाकी असेल तर ती आधी मिटवा.

2. गाडी बंद ठेवायची मुदत सुरू होण्यापूर्वीच ठरलेल्या नमुन्यात घोषणा द्या. समजा, टिप्पर जुलैपासून तीन महिने उभा राहणार आहे. मग घोषणा जूनमध्येच पोचली पाहिजे. ऑक्टोबरमध्ये जाऊन 'साहेब, गाडी तीन महिने बंदच होती' म्हणून उपयोग होत नाही.

3. गाडी बंद ठेवण्याचं कारण, मुदत आणि ती उभी राहणार ती जागा स्पष्ट लिहा. 'मु. पो. मानोरा' एवढं पुरेसं नाही. गॅरेज, वाडा किंवा शेताचा गट नंबर, जवळची खूण असं लिहा. मोटार वाहन निरीक्षक तपासणीला आला, तर गाडी त्याच जागी सापडली पाहिजे.

4. कोणती मूळ कागदपत्रं जमा करायची हे कार्यालयातच विचारून घ्या. जे जे जमा कराल त्याची तारीख-शिक्क्यासह पोच घ्या. ऑनलाइन अर्ज केला असेल तर अर्ज क्रमांक जपून ठेवा.

5. मुदत संपत आली आणि गाडी अजून बंदच राहणार असेल, तर पुन्हा वेळेत कळवा.

या काळात काय करू नये?

सांगितलेल्या जागेवरून गाडी परस्पर हलवू नका. दुरुस्तीसाठी कारंजा किंवा वाशिमला न्यायची असेल, तर आधी कार्यालयाला कळवून परवानगी घ्या. 'फक्त एक खेप' मारताना भरारी पथकानं पकडलं, तर घोषणाच खोटी ठरते आणि करासोबत दंडही मागे लागतो.

गाडी रस्त्याच्या कडेलाही उभी ठेवू नका. ती सार्वजनिक जागा आहे, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 146 नुसार सार्वजनिक जागी वाहन वापरायचं तर तृतीय पक्ष विमा लागतो. विम्याशिवाय पकडलं गेल्यास पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय विमा संपून 90 दिवस उलटले, की साठलेला 'नो क्लेम बोनस' जातो.

स्थिती कशी तपासायची?

परिवहन सेवा संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन ॲपवर मोबाइल क्रमांकानं लॉगिन करून गाडीचा नंबर टाका. आरसीची स्थिती, कर, फिटनेस, विमा आणि पीयूसी कुठपर्यंत वैध आहेत ते दिसतं. यात 'ॲक्टिव्ह' या एका शब्दावर जाऊ नका. नॉन-यूजमुळे नोंदणी रद्द होत नसते. कराची शेवटची तारीख आणि तुमच्या अर्जाची स्थिती या दोन गोष्टी जुळवून पाहा. अर्ज 'प्रलंबित' दिसत असेल, तर पोच घेऊन कार्यालयात जा.

घरच्या दुचाकी आणि कारचं काय?

महाराष्ट्रात खासगी दुचाकी आणि कारचा कर खरेदीच्या वेळीच एकरकमी घेतला जातो. त्यामुळे वर्षभर कार झाकून ठेवली, तरी नॉन-यूजनं वाचेल असा वार्षिक कर तिथं नसतो. इंटरनेटवर 'सॉर्न' नावाची जी प्रक्रिया दिसते ती ब्रिटनमधली आहे. तिथं खासगी कारलाही दरवर्षी कर लागतो, म्हणून ती तिथं उपयोगी पडते.

आपल्याकडे खासगी गाडीची अडचण येते ती 15 वर्षांनी, नोंदणीची मुदत संपल्यावर. एप्रिल 2022 पासून नूतनीकरणाला उशीर झाल्यास दुचाकीला महिन्याला 300 रुपये आणि इतर खासगी वाहनांना 500 रुपये जादा लागतात. त्यात पर्यावरण कर वेगळा. अंगणात वर्षानुवर्षं उभी असलेली वडिलांची जुनी मोटारसायकल पुन्हा चालवायची की नाही, हे म्हणूनच वेळेत ठरवावं.

गाडी पुन्हा चालणारच नसेल तर?

मग नॉन-यूज वाढवत बसू नका, नोंदणी रद्द करा. वाहन नष्ट झालं किंवा कायमचं निकामी झालं, तर कलम 55 नुसार 14 दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी प्राधिकरणाला कळवायचं असतं. अधिकृत स्क्रॅपिंग केंद्रात गाडी दिल्यास 'ठेव प्रमाणपत्र' मिळतं आणि नव्या गाडीच्या करात त्यावर सवलत मिळते. भंगारवाल्याला किलोवर गाडी विकून मोकळं होऊ नका. आरसी तुमच्याच नावावर राहते, आणि उद्या त्या नंबरचा गैरवापर झाला तर पोलीस तुमच्याच दारी येतील.

सर्वोच्च न्यायालयानं कर माफ केलाय का?

ऑगस्ट 2025 मधल्या एका निकालाचे मेसेज फिरत असतात. विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या बंदिस्त आवारात चालणाऱ्या वाहनांवर कर लावता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं त्यात म्हटलं. पण तो निकाल आंध्र प्रदेशच्या कायद्यावर होता आणि त्या कायद्यात 'सार्वजनिक जागा' हे शब्द आहेत. महाराष्ट्राच्या कायद्यातले शब्द वेगळे आहेत. त्यामुळे तो मेसेज दाखवून वाशिमच्या कार्यालयात थकबाकी सुटेल, असं धरून चालू नका. तिथं कामाला येईल ती गाडी बंद करण्याआधीची तारीख असलेली पोच.