अकरावी ऑनलाइन प्रवेश: शाखा, पसंतीक्रम आणि विषय निवडीचे नियम नेमके काय आहेत?

२०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण महाराष्ट्रात ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. त्याआधी ही पद्धत मुंबई महानगर, पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, नागपूर, अमरावती अशा मोठ्या शहरांपुरतीच होती. इतरत्र पालक थेट कॉलेजात जाऊन अर्ज भरत.

नंदुरबार जिल्ह्यातलं मणिबेली हे अक्कलकुवा तालुक्यातलं नर्मदाकाठचं गाव. सरदार सरोवराच्या बुडिताचा फटका महाराष्ट्रात सर्वात आधी याच गावाला बसला. गावात प्राथमिक जीवनशाळा आहे, पण पुढच्या शिक्षणासाठी मुलांना घर सोडावंच लागतं. अशा ठिकाणच्या पालकांची चिडचिड समजून घ्यायची, तर नियम नीट पाहायला हवेत.

अर्जाचे दोन भाग

भाग एकमध्ये विद्यार्थ्याची माहिती, गुण आणि आरक्षण भरायचं असतं. अनुसूचित जमातीसाठी ७ टक्के जागा राखीव आहेत. भाग दोनमध्ये किमान १ आणि जास्तीत जास्त १० पसंतीक्रम द्यायचे असतात.

पहिल्या पसंतीची अट

पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं, तर तिथे प्रवेश घेणं बंधनकारक असतं. तो नाकारला, तर विद्यार्थी पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद होतो आणि सर्वांसाठी खुल्या असलेल्या फेरीपर्यंत थांबावं लागतं. दुसऱ्या ते दहाव्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं, तर मात्र पुढच्या फेरीची वाट पाहता येते.

विषय कधी ठरतात?

ऑनलाइन अर्जात शाखा ठरते. ऐच्छिक विषय बहुधा कॉलेजात प्रवेश घेताना निवडायचे असतात, आणि तिथे शिकवले जाणारेच विषय मिळतात. इथेच अनेकांची फसगत होते. विज्ञान शाखेत गणित सोडलं, तर इंजिनीअरिंगची वाट सहसा बंद होते. जीवशास्त्र सोडलं, तर नीट परीक्षा आणि डॉक्टरकीची वाट अवघड होते. विज्ञान घेऊन बारावीनंतर बीए करता येतं, पण कला शाखेतून बीएस्सीला सहसा जाता येत नाही.

वसतिगृहाचा वेगळा अर्ज

आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो. अक्कलकुवा तालुका तळोदा प्रकल्प कार्यालयाच्या अखत्यारीत येतो. वसतिगृहाच्या अर्जाला कॉलेजच्या प्रवेशाचा पुरावा लागतो. म्हणजे राहायची सोय होईल की नाही हे कळण्याआधीच कॉलेज पक्कं करावं लागतं. शहरातल्या पालकाला पहिला क्रमांक चुकला तर बसचा प्रवास वाढतो. मणिबेलीच्या मुलीचं शिक्षणच थांबू शकतं.

अर्ज भरण्याआधी काय पाहावं?

• पहिल्या क्रमांकावर नावाजलेलं नव्हे, तर मुलाला खरोखर राहून शिकता येईल असं कॉलेज टाकावं.
• हवे ते विषय तिथे शिकवतात का, हे आधी विचारावं.
• कॉलेज अनुदानित आहे की स्वयंअर्थसहाय्यित, हे तपासावं. फीमध्ये मोठा फरक असतो.
• जातीचा दाखला आधीच काढून ठेवावा.
• नेटवर्क नसेल, तर दहावीच्या शाळेतून अर्ज भरून घ्यावा आणि लॉगिन व पासवर्ड वहीत लिहून ठेवावा.

नियम आणि तारखा दरवर्षी बदलू शकतात. त्यामुळे त्या वर्षीची शिक्षण विभागाची माहितीपुस्तिका पाहूनच अर्ज भरावा.