लेकरू घेऊन गाव बदलताना

इंदापूरची लेक बारामतीत दिलेली असते. संसार मोडतो, कोर्टात मुलाचा ताबा ठरतो: मूल आईजवळ, सुट्टीत बापाकडे. मग आईला माहेरच्या आधाराने राहायचं असतं, किंवा लांब काम मिळतं. अशा वेळी मूल घेऊन गाव बदलता येतं का? आज आपण या प्रश्नाचा इतिहास पाहू.

आई एका गावी आणि वडील दुसऱ्या, हे आपल्या मुलखाने पूर्वीही पाहिलं आहे. पुणे आणि सुपे ही शहाजीराजांची जहागीर. त्यातलं सुपे आज बारामती तालुक्यात आहे. थोरले संभाजीराजे वडिलांजवळ कर्नाटकात राहिले आणि धाकट्या शिवबांना घेऊन जिजाऊ पुण्याला आल्या. तिथे भांडण नव्हतं, कोर्टही नव्हतं. पण मूल वाढवलं आईने आणि जहागीर राहिली वडिलांच्या नावावर.

इंग्रजांच्या काळात १८९० साली पालक आणि पाल्य कायदा आला. बाप हयात आणि लायक असेल, तर कोर्टाने दुसरा पालक नेमायचा नाही, असं त्यात होतं. आईचा तिथे उल्लेखच नव्हता. तो आला थेट २०१० च्या दुरुस्तीत.

स्वातंत्र्यानंतर १९५६ चा कायदा झाला. तो हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना लागू आहे. त्यात पालक म्हणून आधी बाप, 'त्याच्यानंतर' आई. मात्र पाच वर्षांखालचं मूल शक्यतो आईजवळ, आणि मुलाचं हित सर्वांत आधी, हेही त्यातच लिहिलं.

त्या 'नंतर' शब्दावर लेखिका गीता हरिहरन लढल्या. मुलाच्या नावाने रोखे घ्यायला गेल्या, तर रिझर्व्ह बँकेने वडिलांची सही मागितली. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, 'नंतर' म्हणजे बाप मेल्यावरच असं नाही. बाप लक्ष देत नसेल, तर तो हयात असतानाही आई पालक होऊ शकते.

२०१५ साली विधी आयोगाने दोघांच्या संयुक्त ताब्याची शिफारस केली. त्याचा वेगळा कायदा अजून झालेला नाही. तरी कोर्टं आपल्या हुकुमात दोघांना वेळ वाटून देतात.

आता गाव बदलण्याचं. १८९० च्या कायद्याचं २६ वं कलम आजही आहे. कोर्टाने नेमलेल्या पालकाने परवानगीशिवाय मुलाला त्या कोर्टाच्या हद्दीबाहेर हलवायचं नाही. म्हणून ताब्याचा हुकूम असेल, तर तो आधी वकिलाकडून नीट वाचून घ्या. हुकुमात अडचण येत असेल, तर निघण्याआधी अर्ज द्या. मुलाची नवी शाळा कोणती, घरात सांभाळायला कोण, बापाची भेट कधी आणि कुठे, हे अर्जात स्पष्ट लिहा. समजत्या वयाच्या मुलाचं म्हणणंही कोर्ट विचारात घेतं.

न सांगता नेलेलं मूल पुढे आईच्याच विरोधात पुरावा ठरू शकतं. हाच नियम बापालाही आहे.

वकिलाच्या खर्चाला घाबरू नका. १९८७ च्या कायद्याने कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे अर्ज करा. आणि गटातल्या कोणावर ही वेळ आली, तर तिला एकटीला पाठवू नका. आपण दोघी-तिघींनी सोबत जाऊ या.