वडाळ्याच्या हद्दी

वडाळ्यात विटांची कुंपणे आली ती प्लॉटांबरोबर. त्याआधी इथे मिठागरे आणि भातखाचरे होती, हद्द म्हणजे मातीचा बांध. तो फुटला की नुकसान दोन्हीकडचे, त्यामुळे राखण्याची गरजही दोघांची. १९३० च्या मे-जूनमध्ये मिठाचे सत्याग्रही इथल्या मिठागरांत घुसले तेव्हा ओलांडलेली हद्द सरकारची होती. शेजारपाजारच्या तंट्यांशी तिचा संबंध नव्हता.

ते तंटे प्लेगच्या पाठीमागून आले. १८९६ च्या साथीनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंगा-वडाळा पट्ट्यातली शेतजमीन घेऊन त्याने रस्ते आखले आणि प्लॉट दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले. काही पट्टे तर ९९९ वर्षांचे! हवा-उजेडासाठी इमारतीभोवती मोकळी जागा सोडणे सक्तीचे झाले. गिरगाव-काळबादेवीत घराला घर चिकटलेले, म्हणून भांडण सामाईक भिंतीचे. इथे घरे सुटी झाली आणि भांडण कंपाउंडवर आले.

हद्द ठरते ती मात्र कागदावर. मुंबईची तपशीलवार मोजणी ब्रिटिश अधिकारी लॉटन यांनी १८६५ ते १८७२ या काळात केली. १९१५ च्या सिटी सर्व्हे कायद्यानंतर नवी मोजणी झाली आणि प्लॉटांना सी.एस. नंबर मिळाले. मुंबई शहरात सातबारा नाही; आधार प्रॉपर्टी कार्डाचा आणि नकाशाचा. जुनी भिंत नकाशातल्या रेषेवरच उभी असते असे नाही. वाद असेल तर सिटी सर्व्हेकडे हद्द कायम करण्यासाठी मोजणीचा अर्ज करतात. शेजाऱ्याला नोटीस जाते. तो फिरकला नाही तरी मोजणी अडत नाही.

इंग्लंडमध्ये सामाईक भिंतींसाठी १९९६ चा स्वतंत्र कायदा आहे: आधी नोटीस, मग तज्ज्ञाचा निवाडा. भारतात असा देशव्यापी कायदा नाही. भिस्त १८८२ च्या सुविधाधिकार (ईझमेंट) कायद्यावर, जो मुंबई इलाख्याला १८९१ मध्ये लागू झाला. भिंत पायासकट स्वतःच्या हद्दीत असेल तर शेजाऱ्याची संमती लागत नाही, महापालिकेचे नियम तेवढे पाळावे लागतात. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत उंचीची मर्यादा दीड मीटर होती. वरचे ९० सेंटिमीटर जाळीदार ठेवले तर २.४ मीटरपर्यंत चालत असे. पाया खणताना शेजारची जमीन खचता कामा नये, कारण जमिनीला जमिनीचा आधार हा नैसर्गिक हक्क आहे. नेमक्या रेषेवरची भिंत दोघांची असेल, तर ती एकट्याने पाडता येत नाही.

खरी अडचण गिलाव्याची. बाहेरच्या अंगाला थापी मारायची तर गवंड्याला पलीकडे उतरावे लागते, आणि शेजाऱ्याने नाही म्हटले तर तसा आपोआप हक्क नाही. वीस वर्षे उघडपणे, हक्काने आणि अखंड ये-जा होत असेल तर वहिवाटीने सुविधाधिकाराचा दावा करता येतो. म्हणून काही जण हातभर जागा सोडून भिंत घालतात. त्यात धोका हा की सुटलेली पट्टी शेजारी वापरू लागला आणि बारा वर्षे कोणी हरकत घेतली नाही, तर तो प्रतिकूल कब्जाच्या आधारे मालकी सांगू शकतो.

१९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला; पट्ट्याच्या जमिनींची प्रकरणे आता सुधार समितीपुढे जातात. अशा जमिनीवर भिंतीआधी भाडेपट्ट्याच्या अटी वाचाव्या लागतात. आजचे बहुतेक घरमालक तर फ्लॅटचेच मालक. कंपाउंड सोसायटीचे, आणि जमीन किंवा पट्टा सोसायटीच्या नावे झालेला नसेल तर शेजाऱ्याशी वाद घालण्याआधी तिला बहुधा कन्व्हेयन्स, म्हणजे मालकीचे हस्तांतरण, मिळवण्याच्या मागे लागावे लागते.