पेलोटॉनमधील शिष्टाचार

रस्त्यावरील सायकल शर्यतीत स्पर्धकांचा जो मुख्य घोळका एकत्र धावतो त्यास पेलोटॉन असे म्हणतात. या घोळक्यात परस्परांशी कसे वागावे याविषयीचे अलिखित संकेत म्हणजे पेलोटॉनमधील शिष्टाचार होय. हे संकेत मोडणाऱ्यास पंच दंड करीत नाहीत; त्यास सहस्पर्धकांचा आणि प्रेक्षकांचा रोष मात्र पत्करावा लागतो.

पार्श्वभूमी

दुसऱ्या सायकलच्या अगदी मागे चालणाऱ्या स्वारास वाऱ्याचा विरोध बराच कमी जाणवतो. त्यामुळे प्रतिस्पर्धी संघांतील स्वारही आळीपाळीने पुढे येऊन वारा अंगावर घेतात. मात्र दोन चाकांमधील अंतर अनेकदा हातभरही नसते. पुढच्याने एकाएकी ब्रेक दाबल्यास मागचे कित्येक जण कोसळू शकतात. म्हणून खड्डा किंवा अडथळा दिसताच पुढील स्वार हाताने खूण करतो आणि ती खूण मागे मागे पोहोचवली जाते. गटाने फिरणारे हौशी सायकलस्वारही हीच पद्धत पाळतात.

प्रमुख संकेत

आघाडीवरील स्पर्धक लघुशंकेसाठी थांबला असता, किंवा खाद्यपदार्थ घेण्याच्या जागी, वेग वाढवून निसटू नये असा संकेत आहे. शर्यत एखाद्या स्पर्धकाच्या गावावरून जात असल्यास त्यास पुढे जाऊन कुटुंबीयांना भेटू दिले जाते. घाटात मागे पडलेले स्वार संघभेद विसरून एकत्र येतात आणि ठरलेल्या वेळेत टप्पा पूर्ण करण्यासाठी एकमेकांना साथ देतात. १९५२ च्या तूर द फ्रान्समधील एका छायाचित्रात इटलीचे कट्टर प्रतिस्पर्धी फाउस्तो कॉप्पी आणि जिनो बार्ताली पाण्याची बाटली देताघेताना दिसतात. बाटली कोणी कोणास दिली हा वाद पुढे दीर्घकाळ चालला.

१९९५ मध्ये पिरेनीज पर्वतातील उतारावर पडून फाब्यो कासार्तेली यांचा मृत्यू झाला. दुसऱ्या दिवशी कोणीही शर्यत केली नाही. सारा घोळका संथपणे चालला आणि अखेरीस कासार्तेली यांच्या संघातील सहकाऱ्यांना एकत्रितपणे प्रथम अंतिम रेषा ओलांडू देण्यात आली.

वाद

पिवळी जर्सी धारण करणारा, म्हणजे एकूण क्रमवारीत अग्रस्थानी असलेला स्पर्धक पडल्यास वा त्याची सायकल बिघडल्यास त्याच्या अडचणीचा लाभ घेऊ नये, हा सर्वांत वादग्रस्त संकेत होय. शर्यत ऐन रंगात असताना थांबावे की नाही, याबाबत स्पर्धकांतच एकमत नसते. १९ जुलै २०१० रोजी तूर द फ्रान्सच्या १५ व्या टप्प्यात पोर्त द बालेस या घाटावर आंडी श्लेक यांची चेन निसटली आणि आल्बेर्तो काँतादोर पुढे निघून गेले. श्लेक यांची ३१ सेकंदांची आघाडी जाऊन ते ८ सेकंदांनी मागे पडले. पारितोषिक समारंभात काँतादोर यांची हुर्यो उडवण्यात आली. त्याच रात्री त्यांनी चित्रफितीद्वारे दिलगिरी व्यक्त केली. पॅरिसमध्ये ते विजयी ठरले ते ३९ सेकंदांनी, म्हणजे त्या दिवशी मिळवलेल्या फरकानेच. पुढे २०१२ मध्ये उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणी त्यांचे विजेतेपद काढून घेऊन श्लेक यांना देण्यात आले. त्या निर्णयाचा चेनच्या प्रसंगाशी संबंध नव्हता.

याउलट २०२२ मध्ये स्पांदेल घाटाच्या उतारावर तादेय पोगाचार घसरून पडले असता पिवळ्या जर्सीतील योनास विंगेगॉर यांनी वेग कमी करून त्यांची वाट पाहिली. पोगाचार यांनी जवळ येताच हात पुढे केला आणि दोघांनी चालत्या सायकलींवरूनच हस्तांदोलन केले. त्यानंतर ओताकामच्या चढावर विंगेगॉर यांनी पोगाचार यांना मागे टाकून तो टप्पा जिंकला.