‘द इन्क्रेडिबल्स’ आणि प्रौढ प्रेक्षक : एका ॲनिमेशनपटातील इतिहास

ॲनिमेशनपट ही मुलांची करमणूक आणि अतिमानवाची कथा हे पौगंडावस्थेतील दिवास्वप्न, हा समज आपल्या अभ्यासकवर्गात अद्याप इतका दृढ आहे की, ह्या दोहोंचा संयोग असलेल्या कृतीकडे इतिहासाच्या विद्यार्थ्याने गंभीरपणे पाहावे असे कोणी सुचविल्यास त्याची गणना हौशी मंडळींतच व्हावयाची. प्रस्तुत लेखकाचा मूळ विषय भाषाशास्त्र. तेव्हा ही जोखीम त्याने पत्करली तर फारसे बिघडणार नाही. ब्रॅड बर्ड ह्यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला ‘द इन्क्रेडिबल्स’ हा पिक्सार संस्थेचा चित्रपट ५ नोव्हेंबर २००४ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. पुढील वर्षी त्याला उत्कृष्ट ॲनिमेशनपट आणि ध्वनिसंपादन ह्यांची दोन ऑस्कर पारितोषिके लाभली. मूळ पटकथेच्या विभागातही त्याचे नामांकन झाले होते. मुलांनी त्याला डोक्यावर घेतले ह्यात नवल नाही. परंतु तो पुरतेपणी कळावयाचा तर प्रेक्षकाची चाळिशी तरी उलटलेली असावी, आणि साठी उलटलेली असल्यास अधिक बरे, असे आमचे मत आहे. ह्या मताचा आधार मुख्यतः ऐतिहासिक आहे.

कथेचे बीज थोडक्यात असे. अतिमानवांच्या वैभवाचा एक काळ होऊन गेला. त्या काळात बॉब पार ऊर्फ मिस्टर इन्क्रेडिबल ह्याने आत्महत्येसाठी उंचावरून उडी घेतलेल्या एका गृहस्थास हवेतच झेलून वाचविले. वाचलेल्या गृहस्थाने उपकार मानावयाचे सोडून झालेल्या दुखापतीबद्दल त्याच्यावर दावा लावला. त्याच रात्री थांबविलेल्या आगगाडीतील जखमी प्रवासीही न्यायालयात गेले. दाव्यांची रीघ लागली, सरकार नुकसानभरपाईने जेरीस आले, आणि अखेर सर्व अतिमानवांना मुखवटे उतरवून सामान्य नागरिक म्हणून गुप्तपणे राहण्याची सक्ती झाली. पंधरा वर्षांनंतर बॉब एका विमाकंपनीत दावे तपासणारा कारकून आहे. पोट सुटलेले, केस विरळ झालेले, मेज त्याच्या देहाला अपुरे. पत्नी हेलन ही पूर्वीची इलास्टिगर्ल; तीन मुले; उपनगरात घर.

पडद्यावर क्षणभर दिसणाऱ्या वर्तमानपत्रावरील तारीख ध्यानात घेतली, तर कथेचा वर्तमानकाळ १९६२ हा ठरतो. पंधरा वर्षे मागे गेल्यास आपण १९४७ च्या सुमारास पोहोचतो. ही कालकक्षा दिग्दर्शकाने केवळ वेशभूषेच्या सोयीसाठी निवडली असेल असे आम्हांस वाटत नाही. कारण अमेरिकी चित्रकथांच्या इतिहासातील अतिमानवांच्या वनवासाचा काळही जवळजवळ हाच आहे. १९३८ मध्ये सुपरमॅन अवतरला आणि महायुद्धाच्या वर्षांत असे मुखवटेधारी वीर डझनांनी निर्माण झाले. युद्ध संपले, सैनिक घरी परतले, आणि वाचकांची अभिरुची गुन्हेगारी, प्रणय व भयकथा ह्यांकडे वळली. ज्यात अतिमानवांचा पहिला संघ नांदत होता ते ‘ऑल स्टार कॉमिक्स’ १९५१ मध्ये त्या स्वरूपात बंद पडले. सुपरमॅन, बॅटमन व वंडर वूमन असे मोजकेच वीर तग धरून राहिले. १९५४ मध्ये मनोविकारतज्ज्ञ फ्रेड्रिक वर्थम ह्यांचे चित्रकथांवर आरोपपत्र ठेवणारे पुस्तक प्रसिद्ध झाले, सेनेटच्या उपसमितीने त्याच वर्षी चौकशी केली, आणि प्रकाशकांनी धास्तावून स्वतःवरच एक आचारसंहिता लादून घेतली. पुनरुज्जीवनाचा आरंभ १९५६ मध्ये फ्लॅशच्या नव्या अवताराने झाला. आणि १९६१ मध्ये स्टॅन ली व जॅक कर्बी ह्यांचे ‘फँटास्टिक फोर’ आले. त्यातील चौघे वीर म्हणजे एक कुटुंबच. ते आपापसांत भांडत, रुसत आणि भाड्याची चिंता करीत. ताणला जाणारा देह, अदृश्य होण्याची शक्ती, अचाट बळ ही तेथलीच सामग्री बर्ड ह्यांनी घेतली आहे. अर्थात् चित्रकथेच्या एका वाङ्मयप्रकाराला आलेली ओहोटी आणि भरती येथे व्यक्तींच्या आयुष्याची कथा होऊन बसली आहे.

एक भेद मात्र महत्त्वाचा आहे. वास्तवात अतिमानवांना कोणी कायद्याने घालविले नाही; वाचकच त्यांना विटले. चित्रपटात त्यांचा पराभव न्यायालयात होतो. ही कल्पना विनोदी वाटली तरी निराधार नाही. इंग्रजी परंपरेच्या कायद्यात संकटात सापडलेल्या परक्याला वाचविण्याचे बंधन सामान्यतः कोणावर नसते. परंतु जो स्वेच्छेने वाचवावयास सरसावतो, त्याच्या हातून हयगय झाल्यास तो मात्र जबाबदार धरला जाऊ शकतो. जो तटस्थपणे पाहत उभा राहिला तो सुरक्षित, आणि ज्याने हात दिला तो अडचणीत, अशी ही विचित्र स्थिती आहे. ह्याच कारणास्तव अपघातस्थळी मदत करणाऱ्या डॉक्टरांना दाव्यापासून संरक्षण देणारा अमेरिकेतील पहिला कायदा कॅलिफोर्निया राज्याला १९५९ मध्ये करावा लागला. बॉब पारला त्याचा उपयोग झाला नसता. तो डॉक्टर नव्हता. आणि नियतीचा उपहास असा की, ज्याला दाव्यांनी उद्ध्वस्त केले, त्याच्याच नशिबी पुढे इतरांचे दावे फेटाळण्याची नोकरी आली. तो एका वृद्ध स्त्रीला कंपनीच्या नियमांतील पळवाटा हळूच सांगतो तो प्रसंग पाहावा. संपूर्ण चित्रपटात त्याने केलेले पहिले खरे परोपकारी कृत्य ते हेच, असे आम्ही म्हणू. त्यास बाहुबळ लागत नाही.

१९४७ हे वर्ष आणखी एका अर्थाने बोलके आहे. न्यूयॉर्कजवळील लेव्हिटटाउन ह्या एकसारख्या घरांच्या वसाहतीत त्याच वर्षी कुटुंबे राहावयास आली. त्यानंतरच्या दशकात कार्यालयीन माणसाच्या घुसमटीवर अमेरिकेत बरेच लिहिले गेले. स्लोन विल्सन ह्यांची करड्या सूटमधील माणसावरील कादंबरी १९५५ ची आणि विल्यम व्हाइट ह्यांचे ‘द ऑर्गनायझेशन मॅन’ १९५६ चे. बॉबच्या छोट्या मोटारीत, त्याच्या टायमध्ये, त्याच्या मेजांच्या एकसुरी रांगांत हा सारा समाजेतिहास एकही व्याख्यान न देता आला आहे.

साधनचिकित्सेची सवय असलेल्या वाचकास येथे एक गंमत सांगितली पाहिजे. अतिमानवांचे पोशाख शिवणारी एडना मोड (तिला आवाज स्वतः दिग्दर्शकाचाच आहे) बॉबला पाठीवरचा झगा शिवून देण्यास साफ नकार देते, आणि झग्यापायी कोणकोण कसा प्राणास मुकला ह्याची जंत्री तारीखवार देते. त्यातील एक मृत्यू एप्रिल १९५७ मधील आहे, दुसरा नोव्हेंबर १९५८ मधील. वनवास १९४७ च्या सुमारास सुरू झाला असेल तर हे वीर दहा वर्षांनंतर उघडपणे कसे वावरत होते? एडनाच्या तारखा प्रमाण मानाव्यात तर कथा १९७० च्या पुढे ढकलावी लागते, आणि तशी ती दिसत नाही. बखरवाङ्मयाशी परिचय असणाऱ्यांस असल्या विसंगतीचे आश्चर्य वाटू नये. बखरकाराप्रमाणे एडनालाही कालक्रमाहून दाखला प्रिय आहे.

मृतांची दुसरी यादी मात्र हसविणारी नाही. एका निर्जन बेटावरून गुप्त निमंत्रण येते : तुमच्यासारख्याचीच आम्हांस गरज आहे. बॉब खोटे बोलून घर सोडतो. व्यायाम करतो, तरुण दिसू लागतो, पत्नीशी पुन्हा प्रेमाने वागू लागतो. पुढे त्याला कळते की हेच निमंत्रण त्याच्यापूर्वी अनेक निवृत्त वीरांना गेले होते, आणि प्रत्येकाला एका यंत्राच्या चाचणीसाठी मारण्यात आले. निरुपयोगी ठरविलेल्या माणसाला गळास लावण्यास ‘आपली गरज आहे’ ह्या तीन शब्दांहून अधिक आमिष लागत नाही. दहा वर्षांच्या मुलाला ह्या दृश्यात यंत्र दिसेल. निवृत्तीच्या उंबरठ्यावरील माणसाला ते पत्र दिसेल. ह्या कटाचा सांकेतिक शब्द ‘क्रोनॉस’ असून तो एका मृत वीराने मरतामरता गुहेच्या भिंतीवर कोरून ठेवला आहे. क्रोनॉस हा स्वतःची अपत्ये गिळणारा ग्रीक देव. ‘काल’ ह्या अर्थाचा ग्रीक शब्द त्याहून निराळा; परंतु उच्चारसादृश्यामुळे दोहोंची सरमिसळ प्राचीनांनीच केली होती. येथे दोन्ही अर्थ लागू पडतात, आणि ह्या एका ठिकाणी तरी चुकीची व्युत्पत्ती आम्ही आनंदाने स्वीकारतो.

भाषेचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडे. ‘पार’ हे आडनाव इंग्रजी कानाला ‘सरासरीइतका’ असे ऐकू येते. वनवासातील अतिमानवास ते चपखल आहे. मराठी किंवा हिंदी कानाला मात्र ‘पार’ म्हणजे पलीकडचा, म्हणजे नेमके उलट. ‘हम हैं लाजवाब’ ह्या नावाने आलेल्या हिंदी आवृत्तीत नायकाला शाहरुख खान ह्यांचा आवाज होता. मूळ नावात विश्वास न बसण्याची कल्पना आहे, हिंदीत निरुत्तर होण्याची. बॉबच्या गृहजीवनाकडे पाहता दुसरी अधिक समर्पक म्हणावयास हरकत नाही.

तंत्राविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. सर्व प्रमुख पात्रे मानवी असलेला पिक्सारचा हा पहिलाच दीर्घपट. कापड, केस, त्वचा ह्यांचे संगणकीय चित्रण त्या काळी अत्यंत कठीण होते. मायकेल जियाकिनो ह्यांचे संगीत साठीच्या दशकातील हेरपटांच्या पितळी वाद्यांची आठवण करून देते.

आक्षेप विचारात घ्यावयास हवेत. काही समीक्षकांना ह्या चित्रपटात आयन रँड ह्यांच्या विचारांचा वास आला : श्रेष्ठांना सामान्यांनी जखडून ठेवले आहे, असा सूर. मुलाच्या शाळेतील समारंभावरून बॉब चिडतो आणि सामान्यपणाचा गौरव करण्याच्या रूढीवर तोंडसुख घेतो, तेव्हा तो सूर ऐकू येतो हे नाकारता येणार नाही. खलनायकाची योजनाही विचार करावयास लावणारी आहे. बालपणी बॉबने झिडकारलेला हा बुद्धिमान मुलगा आपली यंत्रे म्हातारपणी सर्वांस विकणार आहे, म्हणजे मग कोणीच असामान्य उरणार नाही. शक्ती जन्मजात असली तर पूज्य आणि बुद्धीने कमावली तर दुष्ट, हा भेद चित्रपट पुरेसा तपासत नाही. आम्हांस हा त्यातील खरा दोष वाटतो. कार्यालयातील वरिष्ठास भिंतींतून आरपार फेकण्याचा प्रसंगही फार स्वस्तात निभावला आहे. परंतु केवळ श्रेष्ठत्वाची पूजा करणाऱ्या कथेने बॉबला एवढे खुजे केले नसते. तो रात्री मित्राबरोबर खेळावयास जातो असे सांगून पोलिसांची बिनतारी बोलणी ऐकत बसतो, आणि पहाटे घरी आल्यावर अंधारात वाट पाहणाऱ्या पत्नीला त्याच्या अंगावरील पडलेल्या इमारतीची धूळ दिसते. त्यानंतरचे दबक्या आवाजातील भांडण अतिमानवांचे नाही. त्यात कोण बरोबर हे मुलांना लगेच कळते, आणि प्रौढांना कळत नाही. पुढे हेलनच मुलांना सांगते की, दूरचित्रवाणीवरील खलनायकांसारखे हे लोक नाहीत, हे लहानांनाही ठार करतील. मुलांसाठीच्या चित्रपटात आईने हे बोलणे २००४ मध्ये धाडसाचे होते.

शेवटची लढाई संपते तेव्हा रस्त्यावरील गर्दीत दोन म्हातारे उभे आहेत. जुन्या पद्धतीचे काम पाहून ते एकमेकांजवळ समाधान व्यक्त करतात. ही दोन रेखाचित्रे फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन ह्यांची असून आवाजही त्यांचेच आहेत. दोघांचा जन्म १९१२ चा. डिस्ने संस्थेत ‘नऊ म्हातारे’ म्हणून ओळखल्या गेलेल्या चित्रकारांपैकी ते होत, आणि त्याच नऊंपैकी मिल्ट काल ह्यांच्या हाताखाली बर्ड तरुणपणी शिकले. फ्रँक थॉमस सप्टेंबर २००४ मध्ये निवर्तले. चित्रपट लोकांसमोर आला तो त्यानंतर दोन महिन्यांनी.